आधी नळी, मग औषध : डोंबिवलीतल्या एका रीफ टाकीतला रेड प्लॅनेरिया

रीफ टाकी म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ही टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालच्या कपाटात सम्प (टाकीचं पाणी खाली उतरतं ती दुसरी टाकी), फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेसाठी पाणी गार ठेवणारा चिलर. आत क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, दोन क्लीनर श्रिम्प आणि सगळी मऊ प्रवाळं : टोडस्टूल लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झोआन्थिड, मशरूम. कठीण सांगाड्याची प्रवाळं या टाकीत नाहीत, आणि नसावीतच. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. दुकानदार काहीही सांगो, ती घरी आणायची नाहीत. दगडही समुद्रातून उचललेला नाही, कोरडा आणून टाकीतच पिकवलेला, म्हणजे त्यावर उपयोगी जिवाणू रुजू दिलेला आहे.

टाकीचा मालक तिशीतला मुलगा. दिवसभर ऑफिसात असतो, त्यामुळे टाकीकडे दिवसा लक्ष असतं ते त्याच्या आईचं. मला पहिला फोन त्याचा आला. "काका, आई म्हणते काचेवर गंज चढल्यासारखं दिसतंय. डायटमच असेल ना?"

डायटमचीच, म्हणजे काचेवर चढणाऱ्या तपकिरी सूक्ष्म शेवाळाचीच, शंका पहिली यावी, यात वावगं काही नव्हतं. पण डायटम काच पुसायच्या मॅग्नेटनं पुसला की धुरळा होऊन पाण्यात उडतो. हे पुसलं की कण कण होऊन खाली पडत होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काचेवर हजर. खरी खूण वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईनं दिली. म्हणाल्या, "सकाळी नसतं हो ते. लाइट लागून तास-दोन तास झाले की येतं, आणि रात्री लाइट गेले की कुठे जातं ते कळत नाही." शेवाळ असं ये-जा करत नाही. ही चाल एखाद्या प्राण्याचीच.

घरी जाऊन पाहिलं. ड्रॉपरनं काचेवरचे चार-पाच ओढून पांढऱ्या वाटीत घेतले आणि भिंग लावलं. तीन-चार मिलिमीटर लांबीचे, विटकरी रंगाचे, कागदासारखे पातळ जीव. पुढून गोलसर, आणि मागे शेपटीला तीन टोकं. वाटीच्या तळावरून ते पाय नसताना सुद्धा एका लयीत सरकत होते, कारण त्यांच्या सगळ्या अंगावर सूक्ष्म केस असतात आणि त्या केसांच्या हालचालीवर ते चालतात. एकाच्या मागच्या बाजूला बारीकसा फुगवटा होता. ते त्याचं पोर. हीच कन्व्होल्युट्रिलोबा, हौशी लोकांच्या बोलण्यातला रेड प्लॅनेरिया. कन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा या जातीचं वर्णन हेंडेलबर्ग आणि ऑकेसन या दोघांनी १९८८ मध्ये केलं. तिची पिल्लं आईच्या शेपटीकडच्या टोकाला कळीसारखी फुटतात, तीही उलट्या दिशेनं : पिल्लाचं तोंड आईच्या बरोबर विरुद्ध बाजूला. कळी सुटली की स्वतंत्र चालू लागते. नर नको, मादी नको, अंडं नको. एक कृमी टाकीत शिरला तरी पुरतो.

ओळख पटवण्यावर मी इतका वेळ घालवतो, कारण पुढचा सगळा बेत तिच्यावर ठरतो. चपटे कृमी म्हणून आपण ज्यांना एकाच पिशवीत घालतो त्यांच्यात निदान तीन वेगळी प्रकरणं आहेत. वामिनोआ हा प्रवाळाच्या अंगावरच बसतो, तपकिरी ठिपक्यासारखा दिसतो, काचेवर फारसा येत नाही आणि प्रवाळाच्या अंगावरचा चिकट स्राव खातो. प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी हा तर अक्रोपोरा प्रवाळाचं मांसच खातो. तो जवळजवळ पारदर्शक असतो, आणि खाल्लेल्या जागी फिके गोल डाग दिसतात तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागतो. तो प्रवाळाच्या बुडाशी, मेलेल्या सांगाड्यावर अंडी चिकटवतो आणि त्या अंड्यांवर औषधी बुडीचा, म्हणजे औषध घातलेल्या पाण्यात प्रवाळ थोडा वेळ बुडवण्याचा, परिणाम होत नाही. त्याच्यासाठी प्रवाळ बाहेर काढून पुन्हा पुन्हा बुडी देणं आणि अंडी खरवडणं हाच मार्ग. शास्त्राच्या दृष्टीनं तर विटकरी कृमी आणि हा अक्रोपोराखाऊ जवळचे नातेवाईकही नाहीत. विटकरी कृमी ज्यात मोडतो त्या अॅसील गटाचे कृमी चपट्या कृमींच्या संघात बसत नाहीत, हे १९९९ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. अक्रोपोराखाऊ मात्र अस्सल चपटा कृमी. डोंबिवलीतल्या टाकीत अंड्यांची भानगड नव्हती, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मग इतके झाले कसे? शिरले ते मशरूमच्या एका दगडावरून. तो दगड आणल्या दिवशीच थेट टाकीत गेला होता. पण शिरणं वेगळं आणि माजणं वेगळं. कित्येक टाक्यांत हे कृमी थोड्या संख्येनं वर्षानुवर्षं राहतात आणि कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. या कृमीच्या अंगात हिरवं सूक्ष्म शेवाळ राहतं. त्या शेवाळानं उजेडावर बनवलेलं अन्न कृमीला मिळतं, म्हणून तो दिवसा उजेडाकडे धावतो. त्याशिवाय तो शिकारीही आहे. कोपेपॉड नावाचा पाण्यातला बारीक कवचधारी जीव जवळ आला की अंगाचा पुढचा भाग उचलून त्याच्यावर झाकतो. उजेड आणि शिकार दोन्ही भरपूर मिळालं की कळ्या फुटण्याचा वेग वाढतो.

इथे दोन्हीची चंगळ होती. नवा एलईडी लाइट दिवसाला दहा तास चालत होता. त्यात झोआन्थिड लवकर वाढावेत म्हणून मुलगा आर्टेमियाची अंडी उबवून बेबी ब्राइन श्रिम्प रोज संध्याकाळी पंप बंद करून ओतत होता. हौसेनं आणि प्रेमानं करत होता. झोआन्थिडनी त्यातलं थोडं खाल्लं, बाकीचं कृमींनी. पाण्याची तपासणी केली तर नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाखांत ४० भाग) आसपास, फॉस्फेट ०.२५. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २७ अंश, तेवढं ठीक होतं. डाव्या मागच्या कोपऱ्यात प्रवाह जवळजवळ नव्हता, आणि सगळ्यात जाड थर तिथेच होता.

नुकसान कृमी चावतात म्हणून होत नव्हतं. ते मशरूमवर इतके दाटीनं बसले होते की खालचा निळा रंग दिसेना. प्रवाळाला उजेडच मिळत नव्हता. दोन मशरूम बटणाएवढे आक्रसले होते, ग्रीन स्टार पॉलिपची अर्धी चादर उघडत नव्हती. आणि संध्याकाळी टॉर्च मारला की काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे पळणारे कोपेपॉड दिसतात, ते एकही दिसले नाहीत.

दुकानातून सल्ला आला होता : औषध टाका, उद्या टाकी साफ. औषधाची बाटली मुलानं आणूनही ठेवली होती, सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट. औषध चांगलं आहे, मीही तेच वापरलं असतं. पण त्या दिवशी मी त्याला बाटली कपाटात ठेवायला लावली.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. औषध सांगितलेल्या मात्रेत टाकलं तर मासे आणि प्रवाळं सहसा तरून जातात. टाकी मारतात ते मेलेले कृमी. मरताना त्यांच्या अंगातून गडद द्रव सुटतो आणि तो माशांना विषारी असतो. हजारो कृमी एका तासात मेले तर ते विषही एका तासात पाण्यात उतरतं. वर सडणाऱ्या देहांवर जिवाणू वाढतात आणि प्राणवायू खातात. २७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात मुळात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात आठच्या जवळपास. म्हणजे आपल्या हवेत हात राखून ठेवण्याजोगं फारसं काही उरतच नाही. बाटलीवरच्या सूचनेतही आधी जमतील तेवढे कृमी काढा असं सांगितलेलं असतं. लोक घाईत तेवढंच वाक्य सोडून देतात.

म्हणून आधी नळी. एअर पंपाची साधी पातळ नळी घेतली, पुढे हातभर लांबीचा कडक प्लॅस्टिकचा दांडा जोडला, आणि दुसरं टोक सम्पमधल्या बारीक विणीच्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या पिशवीत, सोडलं. पाणी सॉकमधून गाळून पुन्हा टाकीतच येतं, त्यामुळे महागाचं मीठ वाया जात नाही आणि हे काम हवं तितका वेळ करता येतं. नळी जाड घेतली की पाणी फार वेगानं जातं आणि कृमी मागे राहतात. ब्रशनं किंवा पंपाच्या झोतानं दगड झोडपायचा नाही. या कृमींचे तुकडे झाले तर तुकड्यांपासून पुन्हा कृमी उभे राहतात, आपणच टाकीभर पेरणी केल्यासारखं होतं.

हे काम वहिनींनी अंगावर घेतलं. मुलाला वेळ नव्हता आणि वेळ दुपारचीच हवी होती, कृमी उघड्यावर असतात तेव्हा. पंप बंद करायचा, लाइट पूर्ण, आणि नळीचं टोक कृमीपासून बोटभर अंतरावर धरून हळूहळू जवळ न्यायचं. काचेवरचे सहज निघतात. वाळूवरचे निघताना वाळू उचलली जाते, तिथे हात जरा तिरका धरावा लागतो. मशरूमवरचे सर्वात चिवट. आधी ड्रॉपरनं बाजूला हलकी फुंकर घालायची, कृमीची कड उचलली गेली की ओढून घ्यायचं. वहिनींचा हात बसायला फार दिवस लागले नाहीत. नंतर त्या माझ्यापेक्षा सफाईनं काढू लागल्या, हे मी त्यांच्या मुलासमोरच सांगितलं.

आणखी एक युक्ती केली. मुख्य लाइट बंद ठेवून टाकीच्या एकाच कोपऱ्यावर छोटा क्लिपचा लाइट रोखला. उजेडाच्या मागे जाणारे हे जीव, तासाभरात दगडाच्या सांदीतले कितीतरी त्या कोपऱ्यातल्या वाळूवर गोळा झाले. एका जागी उभं राहून भराभर ओढता आले. सॉक रोज बाहेर काढून गरम गोड्या पाण्यात टाकायचा. गोड्या पाण्यात हे कृमी टिकत नाहीत.

त्याच दिवसापासून बेबी ब्राइन श्रिम्प बंद. माशांना गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), पण वितळल्यावर गाळणीत धुऊन, त्याचं पाणी टाकीत न सोडता, आणि दोन मिनिटांत संपेल एवढाच. लाइट दहा तासांवरून सातवर आणला. मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप, लावला. दर आठवड्याला पाणी बदलणं सुरू केलं.

या टप्प्यावर नैसर्गिक शत्रू आणण्याची चर्चा झाली. केलिडोन्युरा व्हेरियन्स नावाची निळ्या रेघांची सुंदर समुद्री गोगलगाय फक्त असेच कृमी खाते. मी ती नको म्हणालो. कृमी संपले की ती उपाशी मरते, त्याआधी बहुधा पंपाच्या तोंडात ओढली जाते. एका जिवाला महिन्याभराच्या कामासाठी समुद्रातून ओढून आणायचं, हे मला पटत नाही. सिक्सलाइन रास नावाचा मासा कृमी टिपतो, पण मोठा झाला की नव्या माशांना जगू देत नाही. शेवटी हॅलिकोएरीस क्रायसस हा पिवळा रास ठरला. स्वभावानं शांत, दिवसभर दगड चोचणारा. त्याला झोपायला दोन-तीन इंच वाळू लागते आणि टाकीवर जाळी लागते, कारण तो उडी मारतो. जाळी आधी बसवली, मग वेगळ्या टाकीत ठेवून पारखून घेतलेला मासा आणला. एक लक्षात ठेवायला हवं : एकाच जातीचे दोन मासे आणले तरी एक कृमी खाईल आणि दुसरा ढुंकूनही बघणार नाही. ते आधी ठरवता येत नाही.

काही आठवड्यांनी चित्र पुष्कळ बदललं होतं. काचेवर तुरळक, वाळूवर कुठे कुठे, दगडांच्या खाली मात्र अजून बरेच. नायट्रेट १५ वर आलं. नळीनं आता रोजचं उत्पन्न आणि रोजची काढणी यांची बरोबरी होऊ लागली होती. तेव्हा कपाटातली बाटली काढली.

मात्रेसाठी टाकीची लांबी-रुंदी-उंची गुणून चालत नाही. वाळू, दगड, काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा वजा करावी लागते, सम्पमधलं पाणी मिळवावं लागतं. आमच्या हिशेबात टाकीत २१० लिटर आणि सम्पमध्ये ५०, असं २६० लिटर निघालं. आदल्या रात्री ८० लिटर आरओ पाण्यात मीठ कालवून, एअर स्टोन लावून, टाकीच्याच तापमानाला आणून ठेवलं. पाण्यातलं औषध आणि विष शोषून घेणारं ताजं अॅक्टिव्हेटेड कार्बन दोन पिशव्यांत भरून, धुऊन, हाताशी. माशांसाठी स्वच्छ खारं पाणी भरलेली एक बादली, एअर पंपासह. दुरुस्तीसाठी वीज जाते तो वार सोडून रविवार धरला, तरीही एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला. जुना कार्बन काढला, स्किमर बंद केला, वेव्हमेकर वर वळवून पाण्याचा पृष्ठभाग घुसळत ठेवला.

जनावरांच्या जंताच्या औषधातलं लेव्हामिसोल स्वस्तात मिळतं आणि काही जण तेच टाकीत घालतात. मुलानं विचारलं. मी नको म्हटलं. पशुवैद्यकीय बाटल्यांची तीव्रता निरनिराळी असते, त्यात इतर द्रव्यंही असतात, आणि अंदाजानं घातलेल्या थेंबांचा हिशेब नंतर कोणाला विचारणार?

लाइट लागून दीड तास झाल्यावर औषध टाकलं, मोजलेली मात्रा सम्पमध्ये सावकाश सोडून. पाच-सात मिनिटांत काचेवरचे कृमी कडा दुमडू लागले, मग सुटून पाण्यात तरंगू लागले. वहिनी एका नळीवर, मी दुसऱ्या. या वेळी सॉकमधून गाळून पाणी परत घ्यायचं नाही. मेलेला कृमी सॉकमध्ये अडकला तरी त्याचा द्रव खाली उतरतोच. म्हणून पाणी थेट बादलीत आणि तिथून मोरीत.

दगडांखालून आम्ही धरले होते त्यापेक्षा जास्त निघाले. वीसेक मिनिटांत पाण्यावर पिवळसर झाक आली. क्लाउनफिश ठीक होते, पण रॉयल ग्रामा गुहेतून बाहेर येऊन वाळूवर टेकला, कल्ले भराभर हलवू लागला. औषधाला सर्वसाधारणपणे पाऊण तास द्यायचा असतो. मुलगा म्हणाला, "काका, अजून पंचवीस मिनिटं थांबायला हवं ना?" मी थांबलो नाही. कार्बनच्या दोन्ही पिशव्या रिटर्नच्या वाटेत टाकल्या, तयार पाणी आत सोडायला सुरुवात केली, ग्रामाला बादलीत हलवलं. काही कृमी यातून वाचणार हे उघड होतं. पण वाचलेल्यांवर पुन्हा औषध घालता येतं. दुपारपर्यंत ग्रामा बादलीत सरळ पोहू लागला, संध्याकाळी टाकीत परत गेला. एकही मासा गेला नाही, दोन्ही श्रिम्पही शाबूत. नळीनं काढण्याआधी हेच औषध टाकलं असतं तर बादलीत हलवायला वेळ मिळाला नसता, असं मी त्या पाण्याच्या रंगावरून म्हणतो.

आठवड्याभरानं दुसरा डोस. या वेळी मरणारे इतके थोडे होते की पाण्याचा रंग बदलला नाही, पूर्ण वेळ देता आला. त्यानंतर पुन्हा कार्बन आणि पाणी बदल. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

मशरूम सावकाश फुलले. एक गेला, दुसऱ्याच्या बुडाशी आता दोन नवे आहेत. ग्रीन स्टार पॉलिपची चादर आधी कडेनं उघडली, मग मधून. फॉस्फेट ०.०८ वर थांबलंय आणि ते त्याहून खाली ओढायची गरज नाही, मऊ प्रवाळांना थोडं पोषक पाणीच मानवतं. काचेवर रात्री कोपेपॉड परत दिसू लागले. पिवळा रास दिवसभर दगड चोचत असतो. मुलगा कृमी गेल्याचं निम्मं श्रेय त्याला देतो. मी देत नाही. तो आला त्याच आठवड्यात नळीची काढणी सर्वात जोरात चालू होती आणि खाणं आटलं होतं, त्यातलं कशाचं किती हे वेगळं काढता येत नाही. उरलेसुरले वाढू न देण्यात त्याचा वाटा असेल, तेवढं मी मान्य करतो.

मागे वहिनींना मागच्या काचेवर दोन कृमी दिसले. त्यांनी नळीनं काढले आणि मला कळवलं. संपूर्ण उच्चाटन झालंय असं त्यामुळे मी म्हणणार नाही, आणि या दोन कृमींसाठी तिसऱ्यांदा औषधही टाकणार नाही.

नवीन येणारं प्रत्येक प्रवाळ आता आधी दहा लिटरच्या वेगळ्या टाकीत जातं. प्रवाळ ज्यावर चिकटवलेलं असतं तो प्लग किंवा दगड शक्यतो तोडून फेकायचा, प्रवाळाला औषधी बुडी द्यायची, बुडीच्या भांड्याचा तळ पांढरा ठेवायचा म्हणजे काय गळून पडलं ते दिसतं, आणि मग निदान महिनाभर नजरेखाली. नुकताच एक झोआन्थिडचा फ्रॅग (छोटा तुकडा) आणला होता. बुडीत काहीच पडलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्या छोट्या टाकीच्या काचेवर, लाइट लागून दोन तासांनी, तीन टोकांच्या शेपटीचा एक दिसला. फ्रॅगची पुन्हा बुडी झाली आणि महिना पहिल्यापासून मोजायला घेतलाय.